भूमितीत घुसलेली तक्रार

आत्याने पान दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं आणि खुर्ची मागे सारून म्हणाली, "अगं, माझ्या त्रिकोणात कुणीतरी इंग्रजी बोलतंय."

भाची नुकतीच आली होती. खांद्यावरची पिशवीही अजून उतरली नव्हती. या ब्रेल छापखान्यातला कॉम्प्युटर सांभाळायचं काम तिचं आणि छापलेलं प्रत्येक पान बोटांनी तपासायचं काम आत्याचं. आत्या जन्मापासून आंधळी. तिच्या बोटांखालून चूक निसटल्याचं छापखान्यात कुणी ऐकलं नव्हतं, आणि ही गोष्ट आत्याने कुणाला विसरूही दिली नव्हती.

"दे बघू," भाची म्हणाली. तिला ब्रेल यायचं, पण डोळ्यांनी, तेही खिडकीपाशी पान तिरकं धरून, अडखळत. काटकोन त्रिकोणाची आकृती अर्धी झाली होती आणि मध्येच दोन ओळी भलत्याच उठल्या होत्या. कंस, लांबलचक आकडा, कंस पुरा, मग इंग्रजी अक्षरांचा काला.

"केबल सैल झाली असेल," ती म्हणाली.

"सैल केबल कंस पुरा करते होय गं?"

पलीकडे कागदाचा गठ्ठा लावणारे मशीनवाले काका हसले. कागदावर टिंबं ठोकणारं ते अवजड यंत्र गेली वीस वर्षं त्यांच्याच ताब्यात होतं. "ताई, मशीनला भूत लागलंय म्हणा आणि मोकळ्या व्हा. मी पान परत काढून देतो."

"भुताला काय हवंय ते तर विचारू," आत्या म्हणाली. चेष्टा करत होती, पण चेहरा असा काही खुलला होता की भाचीला कळून चुकलं, आज काही ही बाई जागची हलायची नाही. आत्याला कोडं सापडलं की जेवणाची शुद्ध राहत नसे.

त्यातून हे पुस्तक भूमितीचं, म्हणजे आत्याचा जीव की प्राण. आंधळ्या मुलांना भूमिती तोंडी शिकवतात, हाताला आकृती कुणी देत नाही, याचा तिला लहानपणापासून संताप. म्हणून आठ वर्षं बसून तिने एकेक टिंब जुळवत तीनशे बारा आकृत्या तयार केल्या होत्या. कोणती रेघ जाड, कोणती बारीक, कोपरा बोटाला कुठे टोचला पाहिजे, सगळं घोटून घोटून ठरवलेलं. पुस्तक आता कुठे छापायला लागलं होतं.

आत्याने फर्मान काढलं, "काका, असंच भलतंसलतं उठलं तेव्हा मशीनची चूक समजून मी बाद केलेली पानं कुठेत? सगळी आणा."

छापखान्याची शिस्त अशी की चुकलेलं पान आठवडाभर तारीख घालून ठेवायचं आणि मग फाडून टाकायचं. जुनी प्रत हाताशी राहिली तर बोटं तिलाच खरी मानतात, असं आत्याचं म्हणणं. काकांनी अकरा पानं आणली. आत्याने ती टेबलावर पसरली आणि तिची बोटं त्या आगंतुक ओळींवरून मुंगीसारखी फिरू लागली.

"गंमत बघ. कंसातला आकडा कायम वाढतोच. एकदाही मागे येत नाही. हे मंगळवार सकाळचं पान, हे बुधवार सकाळचं. वजाबाकी कर."

भाचीने केली. "शहाऐंशी हजार पाचशे आणि वर थोडे."

"दिवसाचे सेकंद किती?"

"शहाऐंशी हजार चारशे." भाची आता खरंच पुढे सरकून बसली. "अगंबाई! घड्याळ आहे हे!"

"मग आजच्या पानावरून उलटं मोज. शून्य कधी होतं?"

आजचा आकडा चौदा लाखांच्या वर होता. भागाकार सतरा दिवसांवर आला. आज सोमवार, म्हणजे सतरा दिवसांपूर्वीचा शुक्रवार. त्याच शुक्रवारी तिने कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम चढवली होती आणि तो सुरू केल्यापासून एकदाही बंद झाला नव्हता.

"हा कर्नल बोलतोय," ती सावकाश म्हणाली. "सिस्टिमचा गाभा. डिस्क, कीबोर्ड, वायरी, सगळ्यांशी तोच बोलतो. काही बिनसलं की तक्रार नोंदवतो आणि पुढे सेकंदांचा आकडा घालतो."

"वा! कोण ते कळलं. आता काय म्हणतोय ते सांग."

"आणि ताई," काका मध्येच म्हणाले, "गोष्टींची पुस्तकं काढतो तेव्हा हा गप्प असतो हो. भूमितीतच याला वाचा फुटते."

भाची पान घेऊन पुन्हा खिडकीपाशी गेली. एक एक अक्षर लावत तिने पहिली ओळ पुरी केली, आणि मग तिला दुसरी वाचायची गरजच उरली नाही. दुसरी हार्ड डिस्क. अमुक ठिकाणचं वाचता येत नाही. आकृत्या होत्या त्या दुसऱ्या डिस्कवर. आकृती छापायला घेतली की कर्नल ती वाचायला जायचा, डिस्क अडायची, तो ओरडायचा आणि पुन्हा पुन्हा खटपट करून कसंबसं काम निभावून न्यायचा.

"आत्या, डिस्क मरतेय."

आत्याची बोटं थांबली. "माझी?"

"तुझी."

"तू त्या शुक्रवारी प्रत काढलीस ना?"

काढली होती की! पुस्तकांची, पत्रांची, सेटिंगांची. आकृत्यांच्या डिस्कला नवी सिस्टिम हात लावणार नव्हती, म्हणून भाचीनेही लावला नव्हता. त्या वेळी हे फार शहाणपणाचं वाटलं होतं.

"तुझ्या आकृत्यांची नाही काढली," ती म्हणाली.

काकांनी न सांगता मशीन बंद केलं.

भाचीने कपाटातली कोरी डिस्क जोडली आणि एकेक आकृती तिकडे न्यायला सुरुवात केली. शंभर आकृत्या सुरळीत गेल्या. मग मरणाऱ्या डिस्कमधून टक, टक असा आवाज यायला लागला. आत्या खुर्ची ओढून अगदी जवळ येऊन बसली आणि कान लावून ऐकत राहिली. प्रत्येक टकटकीला भाची पडद्यावरचा आकडा पाहायची. चहा दोनदा आला, दोनदा गार झाला. दुपार कलली तेव्हा तीनशे सहा आकृत्या सुखरूप होत्या. सहांसाठी तिने माहीत होते तेवढे सगळे उपाय केले, डिस्क थंड होऊ दिली, उलट्या बाजूने वाचून पाहिली. नाहीच निघाल्या.

"कोणत्या?" आत्याने विचारलं.

भाचीने नावं वाचली. शेवटचं नाव होतं तिरका कापलेला शंकू.

"त्या एकट्याला पाच महिने लागले होते," आत्या म्हणाली. आवाज शांत होता. "सपाट कागदावर शंकू बोटांना पटतच नाही गं. पटवावा लागतो."

भाचीला रडू आलं. तिने ते लपवलं नाही, आत्यापुढे लपवून उपयोगही नव्हता.

जरा वेळाने आत्या म्हणाली, "एक मला अजून कळलं नाही. असल्या तक्रारी पडद्यावर यायला हव्यात ना? माझ्या कागदावर कशा आल्या?"

विचारण्यात राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं. म्हणूनच ते जास्त लागलं. केबलचं काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. काका तर कधीच दुसऱ्या कामाला लागले होते.

"मीच पाठवल्या," भाची म्हणाली. "त्या शुक्रवारी नवी सिस्टिम सुरू झाली आणि पडद्यावर ओळींवर ओळी यायला लागल्या. काम करताना मध्ये मध्ये यायच्या. इंटरनेटवरच्या कुठल्याशा चर्चेत एकाने उपाय लिहिला होता, की कॉम्प्युटरच्या मागच्या जुन्या पोर्टकडे त्या वळवून द्या. आजकाल तिथे कुणी काही जोडत नाही, म्हणजे कटकट गेली. मी सेटिंगमध्ये ती एक ओळ घातली. पडदा स्वच्छ झाला. मी तुला सांगितलं, सगळं झकास झालंय."

"आणि त्या पोर्टला आपलं मशीन आहे."

"हो. जगात बहुतेक आपलंच एक."

आत्या एवढी मोठ्याने हसली की काकांनी मान वर केली. मग हसू ओसरलं. "त्या दिवशी तो काय म्हणत होता?"

भाचीने जुनी नोंद उघडली. "याच डिस्कचं म्हणत होता. पण तेव्हा एकच जागा खराब होती. त्या दिवशी प्रत काढली असती तर फार तर एक आकृती गेली असती."

"तू वाचलं नव्हतंस?"

"दिसलं होतं. वाचलं नव्हतं."

"तुम्हा डोळसांना ते बरं जमतं," आत्या म्हणाली. "माझ्या बोटाखाली आलं की वाचलंच जातं. नको असलं तरी."

भाचीने डोळे पुसले, सेटिंगची फाइल उघडली आणि ती एक ओळ शोधून काढली. "आत्या, ही आता काढून टाकते. तक्रारी पुन्हा पडद्यावर येतील. मी रोज वाचीन, खरंच."

आत्याने हात पुढे केला, चाचपत तिचं मनगट धरलं आणि कीबोर्डवरून बाजूला सारलं.

"पुस्तक छापताना ती ओळ बंद करत जा," ती म्हणाली. "बाकी वेळ तक्रारी माझ्या कागदावर येऊ देत. तुझ्या कर्नलला काय सांगायचं असेल ते मला सांगू दे."

भाचीने फाइल तशीच ठेवून बंद केली. आत्या कोरा कागद लावून शंकूच्या पहिल्या टिंबाशी बसली होती.