कोरडे तांदूळ

देवासात तेव्हा एका गावात दोन राज्यं होती. सडकेच्या अलीकडे थोरली पाती, पलीकडे धाकटी. दरबार वेगळे, शिपाई वेगळे, आणि माणसांची मातीसुद्धा वेगळी, असं अलीकडच्या अक्का अगदी मनापासून मानत. दोन्हीकडच्या बायका एकाच तळ्यावर धुणी बडवत, पण ते अक्कांच्या डोळ्यांना कधी दिसलं नाही.

अक्का म्हणजे थोरल्या पातीतले मानकरी विश्वासराव यांच्या विधवा थोरल्या बहीण. घरच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला असे. नवऱ्यामागे आपलं म्हणावं असं त्यांना तेवढंच उरलं होतं. जुडगा गेला तर त्या या घरात आश्रित, हे त्या पुरतं ओळखून होत्या.

स्वयंपाकीण भवानीबाई सडकेपलीकडच्या, एवढाच त्यांचा गुन्हा. गप्प बसल्या तर आतल्या गाठीच्या, बोलल्या तर तोंडपुज्या. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं, त्याला कोण काय करणार? दिवाळीत चांदीची वाटी हरवली आणि फडताळामागे मिळाली, तेव्हा अक्का म्हणाल्या होत्या, "सापडली नव्हे, परत ठेवली." घरात सगळ्यांना ते पटलंही होतं.

आणि चैत्रात जमुनाबाईंची, म्हणजे विश्वासरावांच्या पत्नीची नथ नाहीशी झाली.

"तांदूळ चाववा," अक्का म्हणाल्या. रीत जुनी होती. देवीच्या टेकडीवरचे तांदूळ आणायचे, एकेकाने चिमूटभर चावून पानावर थुंकायचे. चोराच्या तोंडचं पाणी पळतं, म्हणून त्याचे तांदूळ कोरडे निघतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी माजघरात सगळे जमले. आधी गडी गणोजी. तो चावून थुंकला आणि हसला, "देख लो सरकार, एकदम गीला!" मग भवानीबाई. अक्का टक लावून पाहत होत्या. बाईंनी चिमूट उचलायला वेळ लावला, तशी अक्कांनी भावजयीला कोपरानं ढोसलं. पण पानावर पडला तो ओला लगदा.

"आता घरच्यांनीही घ्यावेत," भवानीबाई हळूच म्हणाल्या. "देवीपुढे सगळे सारखेच."

"घेते की! मला कसली भीती?" अक्कांनी चिमूट उचलली. चावू लागल्या आणि मनात भलतंच आलं: कोरडे निघाले तर? झालं! जीभ लाकडासारखी झाली. गालात तांदूळ खडखडू लागले. त्या चावत राहिल्या, गिळू पाहत राहिल्या, आणि सगळे आपल्याकडे बघताहेत हे जाणवलं तसं उरलंसुरलं पाणीही आटलं. शेवटी थुंकल्या तो पांढरा, कोरडा भुगा.

जमुनाबाईंनी आपल्या वाटचे तांदूळ परत ताटात टाकले. त्यांना आता चावायची गरज वाटली नाही.

त्या दिवसापासून घर बदललं. अक्का कोठीत शिरल्या की गणोजी दाराशी रेंगाळे. देवापुढे जास्त वेळ बसल्या तर जमुनाबाई म्हणत, "वन्संचं अलीकडे देवदेव फार वाढलंय." विश्वासराव बहिणीशी नेहमीपेक्षा गोड बोलू लागले, आणि अक्कांना तेच सगळ्यांत जास्त लागलं. अन्याय होता, धडधडीत अन्याय! पण तो कसा करतात हे या घराला शिकवलं कोणी?

नथ शोधायचीच, म्हणून अक्कांनी घर पालथं घातलं. भावजयीच्या पेटीतला शालू झटकला, तर जरीत अडकलेली नथ टणकन फरशीवर पडली. अक्का लहान मुलीसारख्या माजघरात धावल्या. "मिळाली! जमुनाबाई, तुमच्याच शालूत होती!"

जमुनाबाईंनी नथ घेतली, उजेडात धरून पाहिली. नंतर नवऱ्याकडे पाहून सावकाश म्हणाल्या, "सापडली नव्हे. परत ठेवली."

विश्वासराव जमिनीकडे बघत राहिले. जमुनाबाईंनी हात पुढे केला. "वन्सं, तुम्हाला आताशा दगदग होते. किल्ल्या माझ्याकडे द्या."

अक्कांनी जुडगा सोडला. मी नाही घेतली, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं, पण जीभ टाळूला चिकटली होती.

भवानीबाईंनी न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यात कीव होती की टोमणा, हे अक्कांना त्यांच्या तोंडाकडे बघूनही कळेना. पाणी मात्र त्या गटागटा प्यायल्या.