पाय पुढे

जीव कंठाशी आला की चाळीतली माणसं काय काय करतात, ते अॅम्ब्युलन्सवर अकरा वर्षं बघतो आहे. फिट आलेल्याच्या नाकाला चप्पल लावतात, भाजलेल्याच्या अंगावर शाई ओततात आणि दारात इतकी गर्दी करतात की धडधाकट माणूसही गुदमरावा. आम्ही पोचलो की पहिला प्रश्न ठरलेला, "एवढा उशीर?" जिन्यात पानाच्या पिंका असतात, मोरीचा वास असतो, रोग्याची ओकारी आमच्या शर्टावर येते. त्याचं मला काही वाटत नाही. शर्ट धुता येतो. मला शिसारी येते ती शहाण्यांची.

छप्पन सालची गोष्ट. भर दुपारी लालबागेतल्या एका इराण्याच्या हॉटेलातून फोन आला. तिसरा मजला, मिलमधला माणूस, श्वास लागलाय. निघालो तर पुढे रस्ताभर संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा. मी कपाळाला हात लावला. ड्रायव्हरने घंटा वाजवली. पुढच्या रांगेतला कोणीतरी ओरडला, "गाडीक वाट द्या रे!" आणि बघता बघता ती चार-पाच हजार माणसं दोन बाजूंना झाली. घोषणासुद्धा थांबल्या. माझा जोडीदार आनंदा एरवी तोंड उघडत नाही, पण तोही म्हणाला, "बघ, आपली माणसं!" खोटं कशाला बोलू, माझाही ऊर भरून आला. तो भरलेला ऊर तीन जिने चढेपर्यंत टिकला.

दगडू नावाचा, मिलच्या साळखात्यात माग चालवणारा माणूस, पन्नाशीचा. भिंतीला टेकून बसला होता. ओठ काळेनिळे, पाय सुजलेले, छातीत घरघर. आडवं केलं की डोळे पांढरे करायचा. "बसव... माका बसव," एवढंच म्हणत होता. अशा माणसाचं डोकं खाली गेलं की संपलं, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. आम्ही स्ट्रेचरवर पाठीशी तीन उशा लावून त्याला बसता ठेवला, पट्टे आवळले आणि निघालो. जिना उतरताना पुढचा माणूस खाली असतो आणि मागचा वर. म्हणून रोग्याचे पाय पुढे ठेवायचे आणि डोकं मागे, वरच्या बाजूला.

गॅलरीतून जिन्याच्या तोंडाशी आलो, तर पहिल्याच पायरीवर एक धिप्पाड म्हातारा दोन्ही कठडे धरून उभा. बुधाजी, दगडूच्या बायकोचा थोरला भाऊ.

"पाय फुडे?" तो म्हणाला. "जित्या माणसाक असो नेतत? असो मड्याक नेतत!"

मी कणकवलीकडचा. मला काय ते ठाऊक नव्हतं? घरातून पाय पुढे करून निघतं ते मढं, हे मी आईच्या दुधाबरोबर प्यालोय. मी म्हटलं, "मामानू, डोक्या खाली गेला तर तेंका श्वास गावाचो नाय. बाजूक होवा."

"माका शिकवतंस? चार मयतां खांद्यावरसून नेलंय मी!"

मयतं नेली म्हणून जिवंत माणूस कसा न्यायचा ते याला कळतं! तेवढ्यात दगडूची बायको गंगुबाई माझ्या पायांवर कोसळली. "माझ्या घरातसून तेंका पाय फुडे करून नेव नका हो! तुमच्या पाया पडतंय!" गॅलरीतली झाडून सगळी तोंडं एका सुरात सुरू झाली. बरोबर बोलतो बुधाजी. अपशकुन आहे. हे गाडीवाले असेच. आणि पट्ट्यात बांधलेला दगडू एकेक श्वास ओढून काढत होता, त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं.

हे अडाण्यांचंच असतं असं समजू नका. आदल्या वर्षी गिरगावात एका वकिलाच्या घरी हेच झालं होतं. तिथे मी ऐकलं नाही, त्यांच्या वडिलांना पाय पुढे करूनच उतरवलं. म्हातारे दोन दिवसांनी त्यांच्या दुखण्याने गेले आणि आमच्या ऑफिसात शुद्ध इंग्रजीत पत्र आलं की स्ट्रेचरवाल्यांनी जिवंत माणसाला प्रेतासारखं बाहेर काढलं. साहेबांनी मला माफी लिहून द्यायला लावली आणि वर सांगितलं, "नातेवाइकांशी वाद घालायचा नाही."

आनंदाने माझ्याकडे बघितलं. मी काय करायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. बुधाजीला ढकलायचं आणि उतरायचं. मार पडला असता, नोकरीही गेली असती कदाचित.

मी म्हटलं, "फिरव."

जिन्याच्या तोंडाशी फिरवायला जागा नव्हती. उलट्या पावली परत गॅलरीत गेलो. तिथे पाण्याची पिंपं, वाळत टाकलेली धोतरं, बघायला आलेली पोरं. लोकांना हाकला, पिंपं सरकवा, स्ट्रेचर कठड्यावरून अर्धं बाहेर काढून वळवा, यात पाच-सात मिनिटं गेली. मग बुधाजी बाजूला झाला. समाधानाने झाला. "आता कसा!" म्हणाला.

डोकं पुढे करून आम्ही उतरलो. पुढचं टोक मी खांद्यावर घेतलं, जमेल तेवढं उंच धरलं, पण असल्या उभ्या जिन्यात खांदा किती पुरणार? उशा घसरल्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्याची घरघर माझ्या कानाशी होती. पहिल्या मजल्यावर तो काहीतरी बोलला. "बसव" असावं. मी थांबलो नाही. तळाशी आलो तेव्हा माझ्या कानाशी काहीच नव्हतं.

चाळीच्या चौकात स्ट्रेचर खाली ठेवलं. मी नाकाशी हात धरला, मनगट धरलं, छातीला कान लावला. आनंदा मान फिरवून उभा राहिला. गंगुबाईला कोणी सांगायची गरज पडली नाही. तिने हंबरडा फोडला.

बुधाजी हळूहळू पुढे आला. डोक्याची टोपी काढली, डोळे पुसले. रडत होता, खरंच रडत होता, आणि त्या रडण्याचीही मला किळस आली. मला वाटलं, आता हा माझ्या पाया पडेल, नाहीतर गळा धरेल. दोन्हीची माझी तयारी होती.

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "आता फिरवा तेंका. पाय फुडे करा."

आनंदाने एक बाजू धरली, मी दुसरी, आणि आम्ही दगडूला फिरवलं. चौकात जागा पुष्कळ होती, अर्धं मिनिटही लागलं नाही.