शेवटचा हात

मित्रांनो, थळच्या किनाऱ्याला सिराजुद्दीन तांडेलाचा मचवा लागलेला असला, तर त्याच्या कुशीला दोरीने बांधलेलं एक काळं, सुरकुतलेलं बोचकं तुम्हाला दिसेल. ते बोचकं म्हणजे मी. एके काळी मी बास्केटबॉल होतो. आता माझ्या पोटात हवेऐवजी काथ्या कोंबलेला आहे, आणि मचवा धक्क्यावर आपटला की मार मी खायचा, एवढंच माझं काम आहे. त्याचं मला दुःख नाही. माझं दुःख वेगळं आहे, आणि ते चेंडूलाच होऊ शकतं.

माझा जन्म सियालकोटचा. चामड्याच्या आठ पाकळ्या शिवून, आत रबरी फुगा घालून, वरून वादीने आवळून मला तयार केलं. मुंबईच्या एका दुकानात मी बरेच दिवस टांगून होतो. एकोणीसशे एकोणतीस साली अब्दुस्समद मास्तरांनी मला विकत घेतलं. मास्तर मुंबईत कारकुनी करताना एका व्यायामशाळेत हा खेळ शिकले होते, आणि आता गावच्या शाळेत कवायत शिकवायला परत निघाले होते. होडीतून येताना त्यांनी मला मांडीवरून खाली ठेवलं नाही. त्या मांडीची ऊब मला अजून आठवते.

थळमध्ये माझं स्वागत मोठं गमतीचं झालं. पिंपाचं लोखंडी कडं खांबाला ठोकून झालं, आणि त्याला जाळं विणायचं काम सिराजुद्दीनने घेतलं. हा मास्तरांचा मेहुणा. त्याने सुरेख जाळं विणलं, पण खालून बंद! मी आत पडलो तो तिथेच अडकलो. मास्तर हसू लागले, तर सिराजुद्दीनच रागावला. "आलेला माल निसटू देयाचा, असा जाला कोन विनतो?"

खरी अडचण पुढेच होती. मी चुन्याच्या रेषेबाहेर गेलो की दोन्हीकडची पोरं माझ्यावर झेप घालत. समुद्रात वाहत आलेली वस्तू ज्याच्या हाती आधी लागेल त्याची, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा कायदा. एकदा मी बघ्यांत गेलो, तर सिराजुद्दीन मला पोटाशी धरून बसला आणि म्हणाला, "आता ह्यो माझा."

मग मास्तरांनी सगळ्यांना खाली बसवून नियम सांगितला. "रेषेबाहेर जाण्याआधी ज्याचा शेवटचा हात लागला, त्याच्या संघाचा चेंडू गेला. तो समोरच्यांना मिळणार. दोघांनी एकदम धरला, तर दोघांमध्ये वर उडवायचा."

"आन पंचाला दिसलाच नाय तर?" हा प्रश्न त्यांच्या मुलाचा, खलीलचा.

"तरी उडवायचा. आणि एक ध्यानात ठेवा. शिट्टी वाजली की खेळाडूने तोंड उघडायचं नाही. पंचाला प्रश्न विचारायचा नाही."

खलीलने मान डोलावली. बापाचा शब्द त्याच्यासाठी दगडावरची रेघ होती.

पुढची तीन-चार वर्षं माझ्या सुखाची गेली. रोज संध्याकाळी मला तेल लागायचं. खलीलची बोटं लांबसडक होती, त्यांच्यातून सुटताना मला वजनच राहायचं नाही. गावाची मला नजर लागू नये म्हणून त्याची आई कुलसुम हसत हसत माझ्यावरून मीठ-मिरच्या उतरायची. तिचा धाकटा भाऊ खलाशी होता, तो जहाजावरून परत आलाच नव्हता. खलीलने जमिनीवरची नोकरी धरावी, एवढंच तिचं मागणं होतं.

तेहतीस सालच्या माघात ती संधी दारात आली. थळ आणि पाली यांचा सामना ठरला, आणि मुंबईच्या एका गोदी कंपनीचा माणूस तो पाहायला येणार होता. जिंकणाऱ्या संघातले दोन गडी तो कंपनीच्या संघात आणि नोकरीत घेणार होता. सगळे नियम जाणणारा माणूस अख्ख्या किनाऱ्यावर एकच, म्हणून पंच झाले अब्दुस्समद मास्तर.

सामना संपायला मिनिटभर उरलं होतं. थळ एका गुणाने पुढे होतं. मी रेषेजवळ खलील आणि पालीचा कोंडाजी यांच्या मध्ये उसळलो, तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "पोरगा तुमचा, शिट्टी बी तुमचीच! मग काय, मास्तर?"

मास्तरांनी मान वळवून गर्दीकडे पाहिलं. क्षणभरच. त्या क्षणात कोंडाजीचा पंजा मला लागला आणि मी बाहेर गेलो. खलीलचा हात माझ्यापासून वीतभर लांब होता. मला ठाऊक, खलीलला ठाऊक, कोंडाजीला ठाऊक. मास्तरांना ठाऊक नव्हतं.

त्यांनी मला उचललं. त्यांचा तळवा घामाने भिजला होता. मला वाटलं, आता हे मला दोघांमध्ये वर उडवतील. पण पाचशे माणसांसमोर 'मला दिसलं नाही' म्हणायचं, आणि तेही आपला मुलगा समोर असताना? त्यांनी शिट्टी फुंकली आणि मला पालीच्या हातात दिलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. पोटच्या पोराचीही गय केली नाही, काय हा न्याय! कोंडाजीने मान खाली घातली. पालीने पुढच्याच फेकीत मला कड्यातून खाली काढलं आणि सामना जिंकला. गोदीच्या माणसाने कोंडाजीचं नाव लिहून घेतलं.

खलील मैदानावर एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर मात्र त्याने विचारलं. मी मास्तरांच्या काखेतच होतो.

"अब्बा, तुमी बघितलात काय?"

"पंचाला विचारत नाहीत."

"पंचाला नाय विचारत. अब्बाला विचारतो."

मास्तर कोनाड्याकडे वळले. कुलसुम म्हणाली, "अवो, सांगा ना त्याला. हो तर हो, नाय तर नाय." त्यांनी मला कोनाड्यात ठेवलं आणि ते नमाजाला निघून गेले. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण चेंडूला तोंड असतं, तर पंच कशाला लागला असता?

आठव्या दिवशी खलील खलाशी म्हणून जहाजावर चढला. आईला पत्रं यायची. पहिल्या तीन पत्रांत शेवटी एक ओळ असे, 'अब्बांना विचार, बघितलं होतं काय?' चौथ्या पत्रात ती ओळ नव्हती. पाचवं पत्र आलंच नाही. मैदानावर गवत वाढलं, माझा फुगा सडला, आणि कुलसुमने मला भावाच्या, सिराजुद्दीनच्या, मचव्यावर देऊन टाकलं. मला घरात बघणं तिला नको झालं होतं. मी तिला दोष देत नाही.

गेल्या वर्षी कोंडाजी मुंबईहून आमच्याच मचव्यातून आला. अंगावर गोदीचा खाकी सदरा होता. धक्क्यावर मास्तर बसले होते, ते रोजच बसतात. कोंडाजी त्यांच्या पायाशी वाकला.

"मास्तर, त्या दिवशी शेवटचा हात माझा व्हता. शिट्टी वाजली, आन मी काय बोललो न्हाय. तुमचाच नियम व्हता."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुझं तू सांगून मोकळा झालास, बाबा. माझं मी कोणाला सांगू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र लिहिलं. सिराजुद्दीनला वाचता येत नाही, म्हणून पाकिटात घालण्याआधी त्याला वाचून दाखवलं. 'खलील, मी बघितलं नव्हतं.' बास, एवढंच. मचवा मुंबईला गेला, आणि सिराजुद्दीन जहाज कंपनीच्या कचेरीतून तेच पत्र घेऊन परत आला. या नावाचा माणूस आता आमच्याकडे नाही, कुठे गेला ते ठाऊक नाही, असं त्याला सांगितलं होतं. मास्तरांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. ते फोडलेलंसुद्धा नव्हतं.

मित्रांनो, मला तेल लावा, सावलीत ठेवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझे ते दिवस गेले. पण तुमच्या हाती कधी शिट्टी आली आणि तुम्हाला दिसलं नसेल, तर 'दिसलं नाही' म्हणा आणि चेंडू वर उडवा. लोक हसतील, हसू द्या. मास्तरांसाठी तेव्हा टाळ्या वाजल्या होत्या. आता ते रोज धक्क्यावर येतात, येणाऱ्या प्रत्येक होडीतली माणसं मोजतात आणि घरी जातात.