दादांचा घसा बसला तेव्हा

आपल्या आसपास असं एक तरी मंडळ असतंच. पहिल्या सभेला बसायला जागा पुरत नाही. दोन वर्षांनी जागा उरते, माणसं कमी पडतात. आणि पाच-सहा वर्षांनी डोकावून पाहावं तर एकच माणूस घामाघूम होऊन खुर्च्या ओढत असतो. बाकीचे रस्त्यात भेटले की त्याला म्हणतात, "वा, अजून चालू आहे? चालू राहिलंच पाहिजे हं!" आणि आपल्या वाटेने निघून जातात. वाचकहो, आपणही कुणाला तरी असं म्हटलं असेलच की!

अशाच एका खुर्च्या ओढणाऱ्या माणसाची ही गोष्ट. त्यांना सगळे दादा म्हणत. दादा बसच्या आगारात नोकरीला होते. कोणती गाडी किती वाजता सुटायची आणि कोणत्या फेरीवर कोणता ड्रायव्हर जायचा, हे जुळवणारा प्रोग्राम त्यांनी स्वतः लिहिला होता. तो लिहिताना अडलं की विचारायला कुणी नव्हतं, म्हणून सहा वर्षांपूर्वी त्यांनी प्रोग्रामिंगचा कट्टा सुरू केला. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी चार वाजता, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत. ज्याला कॉम्प्युटरला कामाला लावायची हौस आहे, त्याने यावं, शिकावं, शिकवावं. पहिल्या सभेला चाळीस जण आले होते!

आणि आता?

त्या रविवारी सकाळी दादा जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसले होते. शेजारचा चहा गार झाला होता. त्यांची बायको दातांच्या दवाखान्यात काम करायची, त्यामुळे दुखणं चेहऱ्यावरून ओळखण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

"कुठे ठणकतंय?" तिने विचारलं.

"कट्टा बंद करतोय."

"काल किती आले होते?"

"तीन."

"तीन म्हणजे काही अगदीच वाईट नाही."

"त्यातला एक मी," दादा म्हणाले. "दुसरे आपले गणिताचे रिटायर्ड सर. आणि तिसरा चुकून वर आला होता. त्याला खाली पेपर वाचायचा होता. बिचारा भिडेखातर अर्धा तास बसला."

बायकोला हसू आवरेना. दादाही हसले, पण लगेच त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "सहा वर्षं! विषय मी शोधायचा, बोलायचं मी, प्रोजेक्टर घरून मी न्यायचा, खुर्च्या लावायच्या मी, उचलायच्याही मीच. कुणाला काही पडलेलीच नाही!"

"खुर्च्या लावा म्हणून कुणाला सांगितलंस कधी?"

"सांगायला कशाला हवं? डोळ्यांना दिसत नाही?"

तिने गार झालेला कप तेवढा उचलून नेला. दादांनी दोन ओळी खरडल्या, 'पुढच्या पहिल्या शनिवारी आपल्या कट्ट्याची शेवटची सभा आहे,' आणि यादीतल्या दोनशे बारा जणांना तो मेल पाठवून दिला.

दोन-तीन दिवसांनी आगारातून परतताना ते वाचनालयात शिरले. खालच्या टेबलाशी ग्रंथपालबाई बसल्या होत्या. तीस वर्षं त्याच खुर्चीत काढलेल्या. कुणी कोणतं पुस्तक कितव्या पानावर सोडून दिलं हेही त्यांना ठाऊक असतं, असं लोक गमतीने म्हणत.

दादांनी वरच्या खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. "शेवटच्या सभेला मागून घेईन. पण आता ही तुमच्याकडेच राहू दे. कट्टा बंद करतोय. लोकांना शिकायची इच्छाच उरलेली नाही."

बाईंनी किल्लीकडे पाहिलंसुद्धा नाही. "लोकांना इच्छा नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"येत नाहीत, यावरूनच कळतं."

"हे बघा, तुम्ही वर असता आणि मी जिन्याच्या तोंडाशी बसते. येणारा प्रत्येक जण जाताना माझ्यासमोरून जातो. सहा वर्षं त्यांचं बोलणं माझ्या कानावर पडतंय. तोंडावर सांगू? रागावणार नाही ना?"

"सांगा."

"जाताना सगळे म्हणतात, काय हुशार माणूस आहे! आणि पुढच्याच पायरीवर म्हणतात, पण तिथे आपलं काय काम?"

दादांना कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. बाई मात्र थांबल्या नाहीत.

"मागे एकदा मी वर रजिस्टर द्यायला आले होते. शिवणकाम करणाऱ्या एक ताई काहीतरी विचारत होत्या. त्यांचा प्रश्न अर्धा झाला नाही, तोवर तुम्ही उत्तर देऊन मोकळे! उत्तर बरोबरच असणार. पण त्या ताईंनी पुन्हा तोंड उघडलं नाही. तुम्ही येणाऱ्याला खुर्ची देता, पाणी देता, उत्तर देता. सगळं आयतं. पाहुण्याला घरात कसलं काम असतं हो? दोनदा येतो, आभार मानतो, जातो. तुम्ही सहा वर्षं पाहुणे जमवलेत, दादा. घरचं माणूस एकही केलं नाहीत."

"म्हणजे मी राबलो हा माझाच गुन्हा?" दादांचा आवाज चढला. पेपर वाचणारी दोन डोकी वर झाली.

"राबलात त्याचं कौतुकच आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "पण दुसऱ्याला राबू दिलं नाहीत, त्याचं काय?"

दादा ताडकन वळले आणि निघाले. किल्ली टेबलावर राहिली ती राहिलीच. घरी येईपर्यंत ते मनातल्या मनात बाईंशी भांडत होते. भांडणात ते जिंकतही होते, पण का कोण जाणे, जिंकून बरं काही वाटत नव्हतं.

शेवटच्या सभेच्या आदल्या दिवशी आगारातली फोनची यंत्रणा बिघडली. दादांना दिवसभर आवारात उभं राहून, इंजिनांच्या घरघरीवर ताण करून, ड्रायव्हर लोकांना वेळा ओरडून सांगाव्या लागल्या. शनिवारी सकाळी उठले तर घशातून फक्त हवा येत होती!

बायकोने टॉर्च लावून घसा पाहिला. "एक शब्द बोलायचा नाही," तिने बजावलं. दादांनी कागदावर लिहिलं, 'आज माझं निरोपाचं भाषण आहे.' त्याखाली तिने लिहिलं, 'होतं.'

चार वाजता दादा वर पोचले तर दारात उभेच राहिले. खोलीत एकोणीस माणसं! शेवटची सभा म्हटल्यावर सगळ्यांना कट्ट्याची आठवण आली होती. कुणी अपराधी चेहऱ्याने हसत होतं, तर कुणी आठवणी सांगत होतं. सगळे मात्र भिंतीलगत उभे होते, कारण खुर्च्या नेहमीप्रमाणे कोपऱ्यात रचलेल्या होत्या आणि त्या दादाच लावतात, हे सगळ्यांना माहीत होतं.

दादा सवयीने खुर्च्यांकडे वळले. ग्रंथपालबाई किल्ली घेऊन दारातच थांबल्या होत्या. त्यांची आणि दादांची नजरानजर झाली. दादांचा हात खुर्चीवरच थबकला. मग ते फळ्याकडे गेले आणि त्यांनी लिहिलं, 'घसा बसला आहे. खुर्च्या लावायला मदत कराल का?'

आणि मग अशी काही धावपळ उडाली की विचारू नका! दोन मिनिटांत खुर्च्या लागल्या. गणिताच्या सरांनी तर त्या गोलात लावायला लावल्या. "रांगेत मला पुढच्यांची टकलंच दिसतात," ते म्हणाले. स्वतःचं सोडून.

दादांनी फळ्यावर पुढची ओळ लिहिली, 'आज कोणीतरी बोला.'

कुणी चप्पल पाहतंय, कुणी छत. दादांना वाटलं, झालं, संपलं सगळं. तेवढ्यात मागून आवाज आला, "माझं जरासं आहे... पण ते चुकतंय."

शिवणकाम करणाऱ्या ताई! छातीशी लॅपटॉप धरून त्या उभ्या होत्या. "चुकतंय तेच दाखवलं तर चालेल का?"

"चुकतंय तेच दाखवा," सर म्हणाले. "बरोबर चालणारं बघून आम्ही काय करणार?"

ताईंनी एक प्रोग्राम लिहिला होता. शर्टाची मापं घातली की बाह्या, कॉलर, पाठ असे सगळे तुकडे कापडावर कसे मांडायचे, म्हणजे कमीत कमी कापड वाया जाईल, हे तो चित्र काढून दाखवायचा. पडद्यावर चित्र उमटलं. शर्टाला एकच बाही होती!

खोलीत हशा पिकला. ताईही हसल्या. "दर वेळी एक बाही गायब! गिऱ्हाइकाला काय सांगू, दुसरा हात खिशात ठेवा?"

दादांना चूक एका नजरेत दिसली. कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो आणि ताईंनी मोजणी एकपासून सुरू केली होती, त्यामुळे पहिलीच बाही सुटत होती. त्यांचा हात खडूकडे गेलासुद्धा. पण घशात आवाज नव्हता, आणि कानात मात्र बाईंचा आवाज होता. त्यांनी खडू खाली ठेवला आणि चक्क स्वतःच्या हातांवर बसले.

पुढची वीस मिनिटं त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात अवघड वीस मिनिटं होती. लोक भलतीकडेच शोधत होते. एक औषधविक्रेता कॉलरवर संशय घेऊन बसला होता. एक वायरमन प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत होता. दादा जागच्या जागी चुळबुळ करत होते. आणि मग गणिताचे सर अचानक ओरडले, "अहो ताई, पहिल्या बाहीला नंबर कुठला? शून्य! आणि तुम्ही मोजताय एकपासून!"

ताईंनी तो आकडा बदलला. पडद्यावर दुसरी बाही उमटली आणि सगळ्या खोलीने टाळ्या वाजवल्या!

दादाही टाळ्या वाजवत होते. आता झालं, असं त्यांना वाटलं. तेवढ्यात वायरमन म्हणाला, "एक विचारू? ही बाही आडवी का ठेवलीय? बाकी सगळं तर उभं आहे."

"जागा वाचते म्हणून प्रोग्राम फिरवतो तिला," ताई म्हणाल्या आणि मध्येच थांबल्या. "अगं बाई! कापड पट्ट्यापट्ट्यांचं असेल तर? अंगावर उभ्या पट्ट्या आणि बाहीवर आडव्या! कापडावर पट्टे असले की तुकडा फिरवताच येत नाही!"

दादा खुर्चीतून अर्धे उठले. ही चूक त्यांना दिसली नव्हती! आणि दिसलीही नसती. त्यांनी कधी कापड कापलंच नव्हतं. आज त्यांचा घसा ठीक असता तर पहिल्या मिनिटाला त्यांनी शून्य सांगितलं असतं, टाळ्या घेतल्या असत्या, आणि ताई ती दुसरी चूक घेऊन घरी गेल्या असत्या. सहा वर्षांत अशा किती जणांचं किती काही त्यांनी आपल्या हुशारीखाली झाकून टाकलं होतं!

ते फळ्याकडे गेले. आधीचं सगळं पुसून त्यांनी सावकाश लिहिलं, 'तुम्ही काही करत नाही म्हणून मी रागावलो होतो. पण करायला मी काही ठेवलंच नव्हतं. माझं चुकलं.'

औषधविक्रेत्याने घसा खाकरला. "चूक एकट्या तुमची नाही, दादा. आम्हालाही आयतं बरं वाटत होतं. तुमच्याकडे बघून हळहळलो, पण हात काही लावला नाही." आणि तो ताईंकडे वळला. "ताई, पट्ट्यांचं पुढच्या महिन्यात सोडवायचं का?"

"पुढच्या महिन्यात?" ताई म्हणाल्या. "शेवटची सभा ना ही?"

सगळ्यांनी दादांकडे पाहिलं. दादांनी दाराकडे पाहिलं. ग्रंथपालबाई किल्ली पुढे करून उभ्या होत्या. दादांनी ती घेतली, आणि वायरमनच्या हातात ठेवली. वायरमन असा खुलला, जणू त्याला वाचनालयच बहाल झालं!

त्याच दिवशी कामं वाटली गेली. किल्ली आणि प्रोजेक्टर वायरमनकडे, मेलची यादी औषधविक्रेत्याकडे. बोलणारा दर महिन्याला वेगळा, आणि 'चुकतंय तेच दाखवा' असं सरांनी दारावर मोठ्या अक्षरांत लावून टाकलं. सगळं सुरळीत झालं असं मुळीच नाही. एकदा वायरमन किल्ली घरी विसरला आणि सभा जिन्यावरच भरली. एका महिन्यात दोघांनी एकच विषय आणला आणि दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. दादांची जीभ कितीदा तरी शिवशिवली. पण माणसं येत राहिली. नुसती आली नाहीत, आपापल्या शेजाऱ्यांना घेऊन आली.

पुढच्या वर्षी एका शनिवारी आगारातल्या कामाने दादांना चांगला अर्धा तास उशीर झाला. जिना ते दोन-दोन पायऱ्या गाळत चढले. सगळे खोळंबले असतील! वर पोचले तर दार उघडं, खोली भरलेली, आणि सभा ऐन रंगात. कुणी मागे वळूनही पाहिलं नाही. दादांच्या काळजात बारीकशी कळ उठली, नाही असं नाही. पण तिच्यामागून इतका आनंद आला की ती कळ कुठल्या कुठे गेली. ते हळूच मागच्या बाजूला जाऊन बसले.

शेजारची अनोळखी बाई त्यांच्याकडे झुकली आणि कुजबुजली, "पहिल्यांदाच आलात का? घाबरू नका हं. इथे काहीही विचारलं तरी कुणी हसत नाही. मागच्या महिन्यात मीही तुमच्यासारखीच गप्प बसले होते."

"बरं झालं सांगितलंत," दादा म्हणाले, आणि समोर काय चाललंय ते त्यांनी तिलाच समजावून सांगायला सांगितलं.

वाचकहो, कुठलंही चांगलं काम एका माणसाच्या घामावर उभं राहतं, पण त्याच्या एकट्याच्या घामावर टिकत नाही. तुम्ही असं काम चालवत असाल तर दुसऱ्याला हात लावू द्या, चुकू द्या, आपल्यापेक्षा पुढेही जाऊ द्या. आणि तुम्ही नुसते जाऊन बसत असाल, तर या खेपेला पंधरा मिनिटं आधी जा आणि विचारा, "मी काय करू?" आणि तुम्ही चालवलेलं काम तुमच्यावाचूनही चालतं हे ज्या दिवशी दिसेल, त्या दिवशी वाईट वाटून घेऊ नका. तुमचं काम त्या दिवशी सगळ्यांचं झालेलं असतं!