चौथी गाठ

मी एक जुनी लोखंडी तबकडी आहे, आणि सध्या माझं डोकं तापलेलं आहे. डोकं म्हणजे तरी काय, जेवणाच्या ताटाएवढं एक गोल अंग आहे मला, बस्स. पण मित्रांनो, राग यायला तेवढं पुरतं. म्हणून आधीच सांगून ठेवते, माझी गोष्ट गोड गोड नाही. ऐकायची असेल तर पूर्ण ऐका.

मला गावच्या पत्रेवाल्याने घडवलं. भंगारातल्या जाड पत्र्यातून त्याने मला गोल कापलं, मधोमध भोक पाडलं आणि कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या. मग माझे चार सारखे भाग आखले आणि समोरासमोरचे दोन काळे, दोन पांढरे रंगवले. मी पाण्यात तिरकी होऊ नये म्हणून खाली एक वजन अडकवलं. रंग वाळत असताना त्याची बायको बाहेर आली. "हे काय केलंत? झाकण आहे की खेळणं?" तो म्हणाला, "पंचायतीचे डोळे आहेत हे." ती म्हणाली, "मग लगे हाथ चष्माही करून ठेवा. लागेल." तेव्हा सगळे हसले होते. मीही हसले असते.

आमचं गाव एका तळ्याच्या काठी आहे. काठावरच्या पंपघरातून तळ्याचं पाणी नळाने घरोघर जातं. सगळं गाव तेच पितं. त्या काळची पंचायत शहाणी होती, हे मी रागातही मान्य करते. शेतांचे तुकडे पाडून काठावर घरं बांधायची हौस लोकांना नुकतीच लागली होती आणि घर आलं की सांडपाण्याचा खड्डा आलाच. म्हणून पंचायतीने एक नियम केला. तबकडी सारख्या अंतरावर गाठी मारलेल्या दोरीने तळ्यात सोडायची. चौथ्या गाठीपर्यंत ती वरून दिसली, तर काठावर नव्या घराला परवानगी. त्याआधीच दिसेनाशी झाली, तर बांधकाम बंद. नियम इतका सोपा होता की तुम्हालाही कळला असेल. मोठ्यांना तो पुढे कसा कळेनासा झाला, तेच मला सांगायचं आहे.

मला पाण्यात सोडायचं काम नावाड्याकडे आलं. हा माणूस ताडमाड उंच होता. दाराच्या चौकटी त्याच्या कपाळाला ओळखायच्या. दोरीवरच्या गाठी त्यानेच मारल्या. टोक नाकाशी धरायचं, हात बाजूला ताणायचा आणि मुठीशी गाठ बांधायची. अशा तीन गाठी मारल्या की त्या बरोबर त्याच्या वल्ह्याएवढ्या भरत. म्हणून वल्ह्याचं नावच त्याने 'तीनगाठी' ठेवलं होतं. "तीनगाठी आण गं," असं तो आपल्या लेकीला हाक मारून सांगायचा.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, भर दुपारी, आम्ही तळ्याच्या मध्यावर जायचो. नावेच्या सावलीच्या बाजूने तो मला हळूहळू सोडायचा. मी दिसेनाशी झाले की दोरीला बोट लावायचा. मग वर ओढायचा, मी पुन्हा दिसू लागले की दुसरं बोट. दोन्हींचा मध्य वहीत लिहायचा. पहिल्या वर्षी आकडा होता सहा गाठी. खालून वर पाहिलं की मला नावेचं बूड दिसायचं आणि काठावरून वाकून पाहणारा त्याचा लांबोडका चेहराही. पंचायतीत माझं कौतुक व्हायचं. बाहेरगावचे लोक मला हातात घेऊन बघायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

आता चूक कुठे झाली ते ऐका. पाण्यात दोरी कुजते, म्हणून ती दरवर्षी बदलावी लागे. नावाडी नवी कोरी दोरी आणायचा आणि पंचायतीच्या ओट्यावर जुनीच्या शेजारी अंथरायचा. जुनीची गाठ जिथे, तिथेच नवीची गाठ. किती नीट काम करायचा तो. जीभ दातांत धरून एकेक गाठ जुळवायचा. पण जुनी दोरी वर्षभर भिजून आणि वाळून आटलेली असे. म्हणजे आटलेल्या दोरीवरून नव्या दोरीचं माप निघे आणि पुढच्या वर्षी ती नवीही आटे. एका वर्षात फरक दोनतीन बोटांचा. कोणाच्या लक्षात येणार? वर्षामागून वर्षं गाठी एकमेकींच्या जवळ सरकत राहिल्या.

माझ्या लक्षात आलं होतं. मी दोरीच्या टोकालाच बांधलेली. पाणी वर्षागणिक गढूळ होत होतं आणि मी दर वर्षी आधीपेक्षा वर असतानाच दिसेनाशी होत होते. वर नावाडी मात्र बोट लावून म्हणायचा, "साडेचार." मग, "चार आणि थोडं." मग वर्षानुवर्षं, "चार." मी ओरडू शकत नव्हते. लोखंडाला तोंड नसतं, ही माझी आयुष्यभराची चीड आहे.

वहीत चार गाठी होत्या, म्हणून परवानग्या मिळत गेल्या. आधी चार घरं, मग चाळीस. लोक कुरकुरायचे. पाण्याला वास येतो, भांड्यांच्या तळाशी हिरवट थर बसतो. नवे सरपंच मोठे गोडबोले. ते वही उघडून दाखवायचे. "हे बघा, चार गाठी. वास तुमच्या नाकात असेल." त्यांचं स्वतःचं घर काठावर होतं, कट्ट्यासकट. सात सदस्यांपैकी पाच जणांची घरं काठावर होती. वहीतला आकडा त्यांना इतका आवडायचा की पाण्याकडे बघायची गरजच कोणाला वाटत नव्हती.

मग नावाड्याचा गुडघा गेला आणि नाव त्याच्या लेकीने चालवायला घेतली. त्याच सुमाराला पंचायतीपुढे मोठा प्रस्ताव आला. ओढा जिथे तळ्याला मिळतो, तिथे एक पाणथळ आहे. लव्हाळ्यांचं दाट रान. ओढ्याची घाण तिथे अडते आणि गाळून पाणी तळ्यात येतं. तळ्यात जो काही जीव उरला होता, तो त्या लव्हाळ्यांमुळे. तिथे भराव टाकून सुट्टीत राहायला येणाऱ्यांसाठी साठ घरं बांधायची होती.

लेकीला नवी दोरी बांधायची होती. पण त्या दिवशी पंचायतीच्या ओट्यावर त्या साठ घरांचा नकाशा पसरलेला आणि भोवती माणसांची गर्दी. म्हणून तिने नावेतच दोरी अंथरली, वल्ह्याच्या शेजारी. गाठी बांधता बांधता तिचा हात थांबला. तिने जुनी दोरी वल्ह्याला लावून मोजली. पुन्हा मोजली. मला, दोरीला आणि वल्ह्याला घेऊन ती तडक घरी आली.

"बाबा, वल्ह्याला तुम्ही तीनगाठी का म्हणता?"

"तीन गाठी लांब आहे म्हणून. असं काय विचारतेस?"

"मग या मोजा."

त्याने मोजल्या. पाच भरल्या. त्याने पुन्हा मोजल्या, यावेळी एकेका गाठीवर बोट ठेवून. लेकीने कोऱ्या दोरीचा एक तुकडा बादलीत भिजवला, उन्हात वाळवला आणि तसाच दुसरा तुकडा शेजारी ठेवला. भिजलेला आखूड झाला होता. दोघांनाही सगळं कळलं. आजची चौथी गाठ पहिल्या दोरीवरच्या अडीच गाठींएवढीसुद्धा खोल नव्हती. बांधकाम कितीतरी वर्षांपूर्वीच थांबायला हवं होतं.

"पंधरा वर्षं याच हाताने चार लिहीत आलो मी," तो म्हणाला.

"तुम्ही खोटं नाही लिहिलंत, बाबा."

"खरंही नाही लिहिलं."

लेक म्हणाली, "मी सांगते पंचायतीत. तुम्ही येऊ नका. सगळं तुमच्यावर ढकलतील." तो म्हणाला, "चूक माझी, आणि तोंड तुझं? असं कसं चालेल?" मित्रांनो, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. त्याला मूठ झाकून गप्प बसता आलं असतं. गावात त्याला केवढा मान होता. पण सभेच्या दिवशी तो काठी टेकत निघाला, आणि मागे लेक, खांद्यावर वल्हं आणि हातात मी.

सभेत त्याने सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. वल्हं टेबलावर आडवं ठेवलं आणि दोरी त्याला लावून दाखवली. सगळ्यांच्या माना वल्ह्याकडे वळल्या. मला वाटलं, झालं, आता हे ऐकतील. मी किती भोळी.

सरपंच हसून म्हणाले, "काका, नियमात गाठी लिहिल्यात. वल्हं कुठे लिहिलंय?"

"गाठ माझ्या हाताएवढी ठरली होती."

"तुमचा हातही कुठे लिहिलेला नाही."

एक सदस्य हळूच बोलला, "आणि हे मानलं तर आधीच्या परवानग्यांचं काय?" खरी भीती ती होती. आपापल्या घरांची. मग सगळे एकदम कागद चाळायला लागले. कारकुनाने तर पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

लेक उठून उभी राहिली. "तळं दहा पावलांवर आहे. नाव बांधलेली आहे. चला, तबकडी सोडते, तुमच्याच डोळ्यांनी बघा. मग काय ते ठरवा."

कोणी उठलं नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात संतापाचा क्षण विचाराल तर हा. दहा पावलं हो. नावेत बसायलाही नको होतं, नुसतं खिडकीतून वाकून बघितलं असतं तरी पुरलं असतं. डोळे होते, पाणी होतं, मी होते. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. सातही हात वर झाले आणि ठराव पास झाला.

पंधरा दिवसांत लव्हाळे कापले गेले. भराव पडला. दुसऱ्याच उन्हाळ्यात तळं हिरवंगार झालं, रंगाचा डबा उपडा केल्यासारखं. मासे पोट वर करून काठाला लागले. नळाचं पाणी प्यायल्याने घराघरांत पोरं आजारी पडली, दवाखान्यात खाटा पुरेनात. पत्रेवाल्याची नात तर पंधरा दिवस दवाखान्यात होती. पंपघराला कुलूप लागलं आणि गाव टँकरपुढे घागरी घेऊन उभं राहिलं. मला तळ्यात सोडायचं तर काही कारणच उरलं नव्हतं. हातभर खाली गेले की मी नाहीशी.

लोक चवताळून पंचायतीवर आले. तेव्हा सरपंचांनी हात वर केले आणि दारावर एक नोटीस लावली. तीत लिहिलं होतं, 'पाण्याच्या मोजणीतील चूक नावाड्याची होती, हे त्याने स्वतः कबूल केले आहे.' सातांपैकी एकाचाही उल्लेख नाही. जो एकटा खरं बोलला, त्याच्याच माथी खापर. मित्रांनो, मी लोखंडाची आहे म्हणून निभावलं. ती नोटीस वाचताना माझ्या जागी माणूस असता तर त्याने दार फोडलं असतं.

लेक ती फाडायलाच निघाली होती. नावाडी पायरीवर बसला होता. त्याने तिचा हात धरला. "राहू दे. खरंच आहे ते. पण अर्धंच लिहिलंय."

लेकीने हात सोडवून घेतला. मग समोरच्या शाळेत गेली, खडूचा तुकडा घेऊन आली आणि नोटिशीच्या खाली दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'हे त्याने ठरावाच्या आधी सांगितले होते. तळे दहा पावलांवर होते. बघायला कोणी उठले नाही.'

पंचायतीने ते पुसलं. तिने पुन्हा लिहिलं. आतापर्यंत अकरा वेळा झालं आहे.

मला आता त्याच सभेच्या खोलीत खिळ्याला टांगलं आहे आणि तुमच्यासारखी मुलं शाळेतून मला बघायला येतात. तुम्हाला माझा रंग उडाल्याचं वाईट वाटतं, ते नको. माझी काळजी घेऊ नका, मी भंगारातून आले आहे. तळ्याची घ्या. कोणी वही उघडून आकडा दाखवला, तर आधी जाऊन पाणी बघा. आणि कोणी उभं राहून म्हणालं की चूक माझी आहे, तर त्याला एकटं सोडून कागद चाळत बसू नका.

जाताना दारावरची नोटीस वाचाल, तेव्हा खालची ओळही वाचा. पुसलेली असेल, तर तुमच्या दप्तरात खडू असेलच.