प्रभारींचा परिचय

विद्यापीठात त्यांना सगळे ‘प्रभारी’ म्हणायचे. नाव होतं, पण ते पगाराच्या चिठ्ठीवर आणि बायकोच्या रागात, एवढंच वापरात होतं. जुने कुलसचिव निवृत्त झाले, नवा माणूस मिळेपर्यंत उपकुलसचिवांना त्यांच्या खुर्चीत बसवलं, आणि ‘मिळेपर्यंत’ला आता तीन वर्षं होऊन गेली होती. दारावरच्या पाटीवरही ‘कुलसचिव’ या शब्दाआधी ‘प्रभारी’ असं कागद चिकटवून लिहिलेलं. कागद वरून चिकटवला, म्हणजे उद्या काढायला सोपा.

“दुसऱ्याची खुर्ची ऊबदार ठेवायचं काम करता तुम्ही,” बायको म्हणायची. “कोंबडीला निदान अंडी तरी दिसतात.”

या गुरुवारी मात्र पक्क्या पदासाठी मुलाखत होती. कुलगुरू, दोन बाहेरचे तज्ज्ञ आणि एक निवृत्त प्राचार्या मॅडम. प्रभारींच्या वयाची एक्कावन्न वर्षं सरली होती. आत्ता नाही झालं तर पुन्हा खाली, जिन्याशेजारच्या जुन्या खोलीत. त्या खोलीत आता फुटक्या खुर्च्या ठेवल्या होत्या आणि प्रभारींना वाटायचं, आपल्यालाही तिथेच रचून ठेवतील.

त्याच आठवड्यात कुलगुरूंचं फर्मान आलं. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर वरिष्ठ अधिकाऱ्यांचे परिचय टाका, शिक्षण आणि जबाबदाऱ्यांसकट. काम आलं प्रभारींकडे. त्यांनी एका दुपारी सगळे उरकले. कुलगुरूंना ‘दूरदृष्टीचे’ केलं. प्र-कुलगुरूंनाही दूरदृष्टी देणं बरं दिसेना, म्हणून त्यांना ‘व्यापक दृष्टी’. परीक्षा नियंत्रकांना ‘सूक्ष्म दृष्टी’. अधिष्ठात्यांपर्यंत येता येता सगळा कागद डोळ्यांच्या दवाखान्यासारखा दिसायला लागला.

राहिला स्वतःचा परिचय. आणि इथे प्रभारींच्या बोटांना खाज सुटली.

ही खाज जुनी. एकदा विद्वत परिषदेच्या विषयपत्रिकेत त्यांनी घरच्या इस्त्रीच्या कपड्यांची यादी विषय क्रमांक नऊ म्हणून घातली होती. ती एकमताने मंजूर झाली. परीक्षा नियंत्रकांनी तर अनुमोदनही दिलं. कारण या इमारतीत कोणी काही वाचत नसे. फाईल यायची, जिथे सही करायची तिथे पेन्सिलची बारीक फुली असायची, साहेब फुली शोधायचे, सही ठोकायचे, फाईल पुढच्या टेबलावर. मधला मजकूर फुलीला आधार म्हणून.

प्रभारींनी लिहिलं:

‘शिक्षण: इतिहासात एम.ए., दुसरा वर्ग, तोही काठावर. पीएच.डी.च्या शेवटच्या प्रकरणावर चौदा वर्षं काम चालू आहे. अनुभव: लिपिक म्हणून रुजू झाले. वरचे निवृत्त होत गेले तसे हे वर सरकत गेले. विशेष प्रावीण्य: कोणत्याही अवघड फायलीवर “चर्चा करावी” असा शेरा मारून ती तीन महिने लांब ठेवणे. सध्याची जबाबदारी: कार्यालयातल्या बाई जे लिहून आणतात त्यावर सही करणे.’

बाई म्हणजे वरिष्ठ लिपिक. अठ्ठावीस वर्षं त्याच टेबलावर. त्यांनी कागद टाइप केला आणि चष्म्यावरून पाहिलं.

“साहेब, हे असंच पाठवायचं?”

“पाठवा हो. पाच सह्या घेऊन परत आलं की फ्रेम करून तुम्हाला देतो. मग हे पान काढायचं आणि चांगलं लावायचं.”

“माझा उल्लेख आहे म्हणून विचारलं,” बाई म्हणाल्या. “नाहीतर बाकी सगळं बरोबर आहे.”

दोन तासांत पाचही सह्या झाल्या. कुलगुरूंची शेवटची, विमानतळाला निघता निघता, गाडीच्या टपावर फाईल ठेवून. प्रभारींना शिपायाकडून हे कळलं तेव्हा ते खुर्चीत इतके हसले की खुर्चीचं चाक निसटलं.

मग ते फाईलची वाट बघत बसले. फाईल आली नाही. फोन आला, बायकोचा.

“अहो, तुमचा परिचय वाचला. माझ्या भावाने पाठवला.”

“कुठला परिचय?”

“विद्यापीठाच्या पानावरचा. दुसरा वर्ग? काठावर? लग्नाच्या वेळी माझ्या वडिलांना पहिला वर्ग सांगितला होतात!”

प्रभारी जिने उतरत संगणक विभागात पोचले तेव्हा त्यांना बोलायला दम नव्हता. तिथला टकला गृहस्थ शांतपणे डबा खात होता.

“ते पान काढा! आत्ता! दुसरं देतो.”

“नाही काढता येणार, साहेब.”

“का? बटण मोडलं?”

त्याने डबा बाजूला ठेवला, हात पुसले आणि भिंतीवरचं परिपत्रक दाखवलं. मान्यता मिळालेला मजकूर कुलगुरू कार्यालयाने परस्पर संगणक विभागाकडे पाठवावा. त्यात काना-मात्रेचाही बदल करायचा तर सर्व सह्या नव्याने घ्याव्यात. अन्यथा संबंधितावर कारवाई. खाली प्रभारींची सही होती, झोकदार, फुलीच्या अगदी बरोबर वर.

“हे मी कधी काढलं?”

“गेल्या वर्षी. अधिष्ठाते येऊन स्वतःच्या नावापुढे पदव्या वाढवून घ्यायचे ना, म्हणून. फार छान परिपत्रक आहे, साहेब. तेव्हापासून मला त्रास नाही.”

“अहो, मी वाचलं नव्हतं ते!”

“तरीच,” टकला म्हणाला आणि पुन्हा डब्याकडे वळला.

कुलगुरू परदेशात, परत येणार थेट गुरुवारी सकाळी. त्यांच्या सहीवर दुसरं कोणी सही करेना. बुधवारी संध्याकाळपर्यंत अख्ख्या विद्यापीठाने परिचय वाचला होता. आयुष्यात काही न वाचलेल्या माणसांनीसुद्धा. ग्रंथपाल तर खास अभिनंदन करायला येऊन गेले.

“उद्या तोंड उघडू नका,” बायकोने शर्टाला इस्त्री करता करता बजावलं. “कोणी काही म्हणालं तर मान डोलवा. चूक झाली म्हणा, दुसऱ्याने केली म्हणा, काहीही म्हणा. त्या फुटक्या खुर्च्यांत परत जाऊ नका. तिथून घरी यायचात ना, तेव्हा आठ आठ दिवस एक विनोद करायचा नाहीत तुम्ही.”

प्रभारींनी मान डोलवून दाखवली.

मुलाखतीच्या खोलीत थंडगार हवा आणि लांबलचक टेबल. कुलगुरू झोप न झालेल्या डोळ्यांनी बसलेले. दोन्ही तज्ज्ञांनी प्रशासनाबद्दल दोन-दोन प्रश्न विचारले, प्रभारींनी गोल गोल उत्तरं दिली, सगळ्यांना बरं वाटलं. मग प्राचार्या मॅडमनी पिशवीतून एक छापील कागद काढला.

“‘पीएच.डी.च्या शेवटच्या प्रकरणावर चौदा वर्षं काम चालू आहे,’” त्यांनी मोठ्याने वाचलं. “हे तुमच्या संकेतस्थळावर आहे. काय आहे हे?”

कुलगुरूंनी कागद ओढून घेतला. वाचत गेले तसा त्यांचा रंग बदलत गेला. खाली स्वतःच्या मंजुरीची तारीख दिसली तेव्हा ते खोकले.

“हा टंकलेखनातला प्रकार दिसतो,” ते म्हणाले. “लिपिकाचा खोडसाळपणा. कोण त्या... बाई आहेत ना तुमच्याकडे? आजच मेमो देऊ. काय हो प्रभारी, तसंच ना?”

आणि कुलगुरूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की नुसती मान डोलवली असती तरी पद खिशात. मान डोलवण्याचा तर सरावही झाला होता.

मान निम्मी खाली गेली, आणि तिथेच थांबली. बाईंच्या निवृत्तीला सात महिने राहिले होते. मेमो म्हणजे त्यांच्या निवृत्तीच्या कागदांना कायमचा डाग. आणि ‘चर्चा करावी’ हा शेरासुद्धा शेवटी त्याच लिहायच्या.

“नाही सर,” प्रभारी म्हणाले. “मीच लिहिलंय. मस्करी म्हणून.”

“मस्करी?”

“म्हणजे पाठवलं मस्करी म्हणून. मजकूर खरा आहे.”

मॅडमनी चष्मा नीट केला. “दुसरा वर्ग?”

“हो.”

“काठावर?”

“दोन गुणांनी वाचलो.”

“आणि ही चौदा वर्षं?”

“यंदा पंधरावं लागलं, मॅडम. अद्ययावत करायचं राहिलं.”

एका तज्ज्ञाने हसू लपवायला पाण्याचा ग्लास उचलला, त्यात पाणी नव्हतं. मॅडम कुलगुरूंकडे वळल्या.

“पण यावर तुमची सही आहे, सर. वाचून केलीत ना?”

“अर्थात!” कुलगुरू ताठ झाले. “वाचल्याशिवाय मी सही करत नाही.”

“मग तो लिपिकाचा खोडसाळपणा तेव्हा नाही दिसला?”

कुलगुरूंनी टाय सैल केला. प्रभारींना त्या क्षणी त्यांची मनापासून दया आली. गाडीच्या टपावर सही करणारा माणूस, बिचारा.

“ते धोरण आहे,” कुलगुरू अखेर म्हणाले. “पारदर्शकतेचं. अधिकाऱ्यांनी स्वतःबद्दल... प्रांजळपणे लिहावं. मघाशी मी यांची परीक्षा घेत होतो, लिपिकावर ढकलतात का ते बघायला.”

“वा!” मॅडम म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. “मग बाकीच्या साहेबांचे परिचयही असेच येतील. तुमचाही.”

“येतील की,” कुलगुरू म्हणाले. आता माघार घ्यायला जागाच नव्हती. आणि आपल्याच धोरणाच्या पहिल्या माणसाला नापास तरी कसं करणार?

शुक्रवारी दुपारी कुलगुरू स्वतः प्रभारींच्या खोलीत आले. दार लावून घेतलं. हातात नेमणुकीचा आदेश, टाइप केलेला, सही नसलेला.

“यावर सही करतो,” ते पाहुण्यांच्या खुर्चीत बसत म्हणाले. “पण आधी माझं लिहा. खरं लिहा. पण फार खरं नको.”

“शिक्षण?”

“वनस्पतिशास्त्र. ते चांगलं आहे माझं, ते राहू द्या.” मग जरा वेळाने, “पण आता झाडाशी संबंध फक्त पाहुणे आले की खड्ड्यात माती ढकलण्यापुरता. वर्गात उभं राहून एकोणीस वर्षं झाली हो. मुलं माझ्या तासाला उभी राहायची. जागा पुरायची नाही म्हणून.”

प्रभारींच्या जिभेवर एक विनोद आला होता. तो त्यांनी गिळला.

“हे लिहू, सर?”

“नको.” कुलगुरूंनी खिडकीबाहेर पाहिलं. “लिहा. लिहा हो.”

“आणि विशेष प्रावीण्य?”

कुलगुरूंनी बराच विचार केला. मग आदेश जवळ ओढून त्यावर सही करता करता, मान खाली घालून हळूच म्हणाले, “दुसऱ्यांच्या भाषणात डोळे उघडे ठेवून झोपणे.”

दोघंही असे हसले की टेबल हललं. बाहेर बाईंनी अठ्ठावीस वर्षांत कुठल्याच कुलगुरूंच्या हसण्याचा आवाज कधी ऐकला नव्हता. कोणालातरी झटका आला असं समजून त्या पाण्याचा तांब्या घेऊन आत धावल्या.