पाणकणसाचे वाफे

रूपालीला ऑफिसात बसवत नव्हतं. उधन्याहून बसनं कामरेज, तिथून जीपनं कोळशाच्या खाणीवर, आणि उतरली की ती थेट वाफ्यांकडे चालू लागे. खाणीतलं आंबट, गंजल्यासारखं तांबडं पाणी आजवर सरळ ओढ्यात जायचं. ते आधी चुनखडीच्या चरातून, मग शेणखतात लावलेल्या पाणकणीस या उंच पाणगवताच्या उथळ वाफ्यांतून न्यायचं, म्हणजे निवळेल, असं खाणीची केमिस्ट म्हणून तिनंच पटवून दिलं होतं. पण पाणकणीस अजून मूळ धरत नव्हतं. रेल्वेत नोकरी केलेले वडील म्हणायचे, "जेवताना तरी ते वाफे डोक्यातून काढ."

ओढ्याकाठी राहणारी, धुळ्याकडची कमल रोज विचारायची, "पोरी, आज ओढ्याचं पाणी पाजू का म्हशींले?"

"नको मावशी. थांबा अजून."

भर पावसाळ्यात खाणीत पाणी चढलं. मॅनेजर देसाईंनी ते वाफ्यांत सोडायचं दार पूर्ण उघडायला सांगितलं.

"साहेब, रोपं वाहून जातील. निम्मंच सोडू या."

"खाली मशीन बुडतंय, बेन. उघडा!"

दार उघडलं. बघता बघता वरच्या वाफ्यातलं खत उखडलं, पाणकणसं मुळांसकट तरंगू लागली. रूपाली गुडघाभर पाण्यात उतरली, मजुरांबरोबर वाळूची पोती रचू लागली. खालचे वाफे कसेबसे वाचले. इतक्यात कमलच्या म्हशी ओढ्याकडे वळलेल्या दिसल्या. ती ओरडत धावली, त्यांना आडवी गेली.

"सारखं थांबा, थांबा!" कमल भडकली. "लांबच्या विहिरीवरून पाणी ओढून हात गेले माझे. कधीपर्यंत?"

"मला माहीत नाही," रूपाली म्हणाली. तिला रडू फुटलं.

कमल म्हशी घेऊन माघारी गेली. दुसऱ्या दिवशी शेजारणींना घेऊन आली. लांबच्या तळ्यातून उपटलेल्या पाणकणसाचे भारे त्यांच्या डोक्यावर होते. सगळ्यांनी मिळून वाफा पुन्हा लावला. दार उघडूनही खाणीतलं मशीन बुडालंच होतं.

हिवाळ्यात शेवटच्या वाफ्यातून नितळ पाणी निघू लागलं. महिनाभर तपासून झाल्यावर रूपालीनं कमलला म्हशींना पाणी पाजायला होकार दिला. देसाई कंपनीच्या मोठ्या साहेबांना वाफे दाखवायला घेऊन आले, कौतुक झालं. रूपालीचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं.

"येत्या पावसाळ्यात दार कधी आणि किती उघडायचं," ती मध्येच म्हणाली, "ते मी ठरवणार. आत्ताच सांगा, चालेल का?"

देसाईंनी मोठ्या साहेबांकडे पाहिलं. मोठे साहेब म्हणाले, "चालेल."